नाकेदार तात्यांची भांडी

लग्न होऊन मी बारामतीत आले, तेव्हा आमच्या गल्लीतला सगळ्यांत नावडता माणूस कोण हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. आमच्या शिंप्याच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडं, दोन खोल्यांचं एक माळवदाचं घर होतं. त्यात तात्या आणि त्यांची बायको राहत. मूलबाळ नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी जकात नाक्यावर काढली होती. गावात गाडी शिरायला लागली की हातातली लोखंडी सळई मालात खुपसायची आणि खाली काय दडवलंय ते बघायचं, हे त्यांचं काम. सरपणाखालचे तुपाचे डबे, कडब्याखालची कापडाची गाठोडी, सगळं त्यांनी धरलेलं होतं. आमच्या मामंजींचाही माल एकदा त्यांनी उतरवून घेतला होता. तोंडावर सगळे त्यांना तात्या म्हणत, पाठीमागं नुसतं ‘नाकेदार’.

त्यांच्या बायकोचं मात्र सगळ्यांशी पटायचं. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. चिंचेनं घासलेली त्यांची तांब्यापितळेची भांडी मांडणीवर अशी लखलखायची की दारातून जाणाऱ्याची नजर आपोआप आत वळायची. त्या तापानं गेल्या. तेराव्याचा मांडव उतरला, पाहुणे गेले, आणि तात्या एकटे उरले. वय झालं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. रस्त्यावरून कोण चाललंय हे त्यांना चालीवरून ओळखावं लागे.

आमच्या गल्लीत एक रीत होती. ती माझ्या सासूबाईंनी घातली होती. मी यायच्या आधी, गल्लीच्या टोकाला एक एकटी म्हातारी घरात मरून पडली आणि वास सुटला तेव्हा लोकांना कळलं. त्या गोष्टीची सासूबाईंना फार लाज वाटली. तेव्हापासून त्यांनी बायकांना सांगून ठेवलं होतं, “सकाळच्या पारी ज्याच्या माळवदावर धूर दिसणार न्हाय, त्याचं दार वाजवायचं. भांडण असलं तरी वाजवायचं.” काकू गेल्यावर त्यांनी सगळ्यांना आमच्या ओट्यावर बोलावलं आणि म्हणाल्या, “शिकणाऱ्या पोरांना वार लावून जेवू घालतो आपण. तसं तात्यांना वार लावू.”

वाण्याची बायको म्हणाली, “नाकेदाराला?”

“तो नाक्यावर होता तेव्हा नाकेदार. आता म्हातारा हाय,” सासूबाई म्हणाल्या.

वार लागले. घरोघरची बाई आपापल्या दिवशी झाकलेलं ताट घेऊन जाऊ लागली. सकाळचा चहा तात्या स्वतः करत, म्हणून धूर तेवढा दिसे. तात्यांनी नको म्हटलं नाही आणि बरं झालंही म्हटलं नाही. ते ताट घेत, भाकरीचा एक तुकडा मोडत, भाजीत बुडवत आणि उंबऱ्याबाहेर बसलेल्या कुत्र्याला टाकत. कुत्रं खाई. तात्या डोळे बारीक करून त्याच्याकडं बघत बसत. मग सावकाश पहिला घास घेत.

ही गोष्ट गल्लीभर झाली तेव्हा बायका चिडल्या. आपल्या हातच्या भाकरीची अशी परीक्षा कुणाला आवडेल? दोघीतिघींनी वार सोडायची भाषा केली. सासूबाई मला घेऊन तात्यांकडं गेल्या.

“तात्या, कुत्र्याला का घालता आधी?”

“सवय हाय, वहिनी. माल बघितल्याबिगर आत घेत न्हाय मी.”

“माल न्हवं तो. भाकरी हाय.”

“गाडीवालाबी असंच म्हणायचा. सरपण हाय म्हणायचा.”

सासूबाई उंबऱ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, “खावा तुमच्या पद्धतीनं. ताट घेऊनच जाते.” परतताना मला म्हणाल्या, “म्हातारा भितोय. भिऊ दे. पोटात जातंय न्हवं?”

तात्यांना कसली भीती होती ते एकदा त्यांच्याच तोंडून मला कळलं. माझ्या हातातलं ताट घेताना अगदी हळू आवाजात म्हणाले, “सूनबाई, खरं सांग. तुझ्या सासूला माझं घर पायजे का?”

मी घरी येऊन सांगितलं. सासूबाई हसल्या. “त्या घराच्या मागच्या भिंतीला ओल हाय,” म्हणाल्या. पण ही शंका एकट्या तात्यांची नव्हती. वाण्याची बायको आडावर उघड म्हणत होती की शिंपिणीला समोरची खोली दुकानाला हवी आहे, फुकट भाकरी कोण घालतं. मीसुद्धा तेव्हा नवी होते. सासूबाईंच्या मनात खरंच काय आहे, हे मला कुठं ठाऊक होतं? मी त्यांच्याकडं निरखून बघायची, आणि त्या सदऱ्यांना बटणं लावायला बसलेल्या असायच्या.

त्यानंतर भांडी जायला लागली.

आधी तांब्याचं घंगाळ गेलं. ते न्हाणीच्या कोपऱ्यात असायचं, त्यामुळं कुणाच्या पटकन लक्षात आलं नाही. मग परात गेली. मग मांडणीवरची मोठी कळशी दिसेना. त्या कळशीच्या बुडाला भोक पडलं होतं आणि कल्हईवाल्यानं तिथं डाग दिलेला होता. तो पानाच्या आकाराचा डाग मी कितीदा पाहिला होता. सासूबाईंनी तात्यांना विचारलं, तेव्हा ते एकदम ताठ झाले.

“माझ्या घरातलं मोजायला तुमाला कुणी सांगितलं?”

“मोजत न्हाय. दिसलं न्हाय म्हणून इचारलं.”

“न्हाय दिसत तर नगा बघू.”

त्या उत्तरानं संशय मिटण्याऐवजी वाढला. म्हाताऱ्याला अंधुक दिसतं, त्याला आपलं काय गेलं ते कळतच नसेल, नाहीतर लाजेपायी बोलत नसेल, असं सगळ्यांनी धरलं. मग ताट घेऊन जाणाऱ्यांतलीच कुणीतरी उचलतेय, हे ओघानंच आलं. पहिला संशय गेला कासारणीवर. ती आमच्या शेजारच्या घरात राहायची. बांगड्या भरायला दारोदार हिंडायची, आणि तिचा नवरा भांडी विकायचा, पितळेची मोडही घ्यायचा. चोरलेलं भांडं त्याच्या भट्टीत वितळलं तर कोण ओळखणार? कुणी तिला तोंडावर बोललं नाही, पण ती आली की बोलणं थांबायचं. कासारीण भोळी नव्हती. एका सकाळी आडावर तिनं घागर खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “माझ्या वाराला मी सांजचं जाते, म्हातारा घरात असताना. शिंप्याची सून सकाळी जाते, म्हातारा नदीला गेल्यावर. ताट ठेवून येते म्हणं.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. कासारीण खोटं बोलत नव्हती. मी जातच होते सकाळी. किल्ली चौकटीवर असायची हे मला माहीत होतं, कारण तात्यांनीच ते सांगितलं होतं.

सासूबाईंनी त्यावर काढलेला तोडगा मला अजून आठवतो. त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही. म्हणाल्या, “आजपासून कुणी एकटी जायाचं न्हाय. दोघी दोघी जावा. एकीनं दुसरीवर लक्ष ठेवा.” आणि माझ्या जोडीला त्यांनी कासारणीलाच दिलं. त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींच्या वाराला बरोबर जाऊ लागलो. ती माझ्या हाताकडं बघायची, मी तिच्या ओच्याकडं. गंमत अशी की पूर्वी ज्या घरात दिवसाकाठी एक बाई मिनिटभर डोकावायची, तिथं आता दोघी जात आणि नीट उभ्या राहून सगळीकडं बघत. तात्यांचं पाणी भरलंय का, अंथरूण ओलं आहे का, हेही त्यात दिसायचं. कुणाचा कुणावर विश्वास नव्हता, पण वार एकही चुकला नाही.

दिवाळीला माझा भाऊ मला न्यायला आला. माझं माहेर इंदापूरचं. आम्ही सर्व्हिस मोटारीनं निघालो. लासुर्ण्यापर्यंत पाटाच्या पाण्यावरचा ऊस दोन्ही अंगांना उभा होता. निमगाव मागं पडलं तशी रानं उघडी व्हायला लागली आणि खिडकीतून धूळ आत यायला लागली. मला ती धूळ बरी वाटली. गल्लीतल्या त्या नजरांपासून चार दिवस तरी सुटका होती.

पाडव्याच्या सकाळी मी आईबरोबर गढीखालच्या विहिरीवर गेले. सगळ्या बायकांचं पाणी भरून होईपर्यंत एक म्हातारी बाजूला थांबली होती. अंगावर विरलेलं लुगडं, कपाळ मोकळं. तिची वेळ आली तेव्हा तिनं कळशी उचलून आडवी केली, आणि मला बुडाचा डाग दिसला. पानाच्या आकाराचा.

मी आईला विचारलं, “ही कोण गं?”

“तिच्याकडं नगं बघू,” आई म्हणाली. “पाटाची हाय.”

घरी येताना आईनं बाकीचं सांगितलं. आमच्या जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे. पण ज्या घरांना जरा बरे दिवस आले, कुणाला सरकारी किंवा म्युनिसिपालटीची नोकरी लागली, ती घरं पाट लावणं कमीपणाचं समजू लागली होती. ही बाई तरुणपणी विधवा झाली. तिनं इंदापूरहून भिगवण स्टेशनला टांगा हाकणाऱ्या एकाशी पाट लावला. तिच्या मोठ्या भावानं, ती मेली असं समजून, डोक्यावरून पाणी घेतलं. आता टांगेवालाही जाऊन वर्षं झाली होती. मूल नाही. गल्ली तिच्याशी बोलत नाही, तीही कुणाशी बोलत नाही. “भाऊ बारामतीला असतो म्हणं,” आई म्हणाली. “नाक्यावर.”

मी दुपारी आईला न सांगता त्या बाईच्या घरी गेले. एकच खोली होती. आत पाऊल टाकायच्या आधीच मला भिंतीशी घंगाळ दिसलं, आणि त्यात ठेवलेली परात.

“मावशी, ही भांडी कुठली?”

तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तू कुणाची? फौजदारानं धाडलं का?”

“न्हाय. मी बारामतीला तात्यांच्या समोर राहते. शिंप्याची सून.”

हे ऐकून ती निवळेल असं मला वाटलं होतं. ती उलट दारात येऊन उभी राहिली, मला आत बघता येऊ नये अशी. “म्हंजे तुमीच त्या. खायाला घालणाऱ्या. कशापायी घालता? कोण कुणाला फुकट घालतं? घर लिवून घ्यायचं आसंल.”

मी म्हटलं, “भांडी गेल्याचा आळ माझ्यावर आलाय, मावशी. मला तेवढं सांगा.”

ती मग दाराच्या चौकटीला टेकून, माझ्याकडं न बघता बोलू लागली. “भावजय गेली ते मला उशिरा कळलं. बाजाराच्या दिवशी बारामतीला गेले. गर्दीत कोण ओळखत न्हाय. दाराशी उभी राहिले. यानं मला ओळखलं, पण बस म्हणाला न्हाय. आत गेला, घंगाळ आणून उंबऱ्यावर ठेवलं. ‘आईचं हाय, तुझ्या वाट्याचं,’ म्हणाला आणि आत वळला. एवढंच.”

“मग पुन्हा?”

“आईची भांडी लय होती. त्यानं एकच दिलं. म्हणलं, परातीला यावं.” तिनं मागं परातीकडं बघितलं. “परातीला गेले तवा कळशी दिली न्हाय त्यानं. ती पुढच्या खेपेला ठिवून दिली.”

मी परत आले ती गोंधळलेली. ती सांगत होती ते खरं असेल असं वाटत होतं. पण चोरणाऱ्या बाईलाही गोष्ट रचता येते, असंही वाटत होतं. तात्यांना अंधुक दिसतं हे तिला माहीत असणारच. दिवाळी करून बारामतीला आले तेव्हा मी सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “काकू एकदा बोलली होती, यांच्या पाठची एक बहीण हाय म्हणून. पुढं बोलली न्हाय.” तात्यांना विचारू नकोस, गल्लीतही बोलू नकोस, असं त्यांनी मला बजावलं. “आपण बघू या,” म्हणाल्या.

गुरुवारी बाजार भरला. सासूबाई सकाळपासून ओट्यावर काजं करत बसल्या. दोन बाजार असेच गेले. तिसऱ्या बाजारी ती आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, हातात मेथीची जुडी, बाजाराला आल्यासारखं दाखवायला. तात्यांचं दार उघडलं आणि ती आत न जाता उंबऱ्याशीच उभी राहिली. थोड्या वेळानं वळली तेव्हा तिचा पदर एका अंगाला फुगलेला होता.

सासूबाई बघत होत्या. मी बघत होते. पण कासारीणही आपल्या दारात बसली होती, आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती ताडकन उठली, रस्ता ओलांडून गेली आणि त्या बाईचा हात धरला.

“पदराखाली काय हाय, बाई?”

“सोड.”

“आदी दाव. तुझ्यापायी इतके दिवस मी चोर ठरलेय हितं.”

पदर सुटला आणि काकूंच्या देवघरातली पितळी समई खाली पडली. बाजाराला निघालेली माणसं थांबली. वाण्याची बायको दारात आली. म्हातारीनं समई उचलली नाही. ती म्हणाली, “मी चोरून न्हाय नेली,” आणि तात्यांच्या दाराकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आतून काही उत्तर येईल याची तिला खात्री नव्हती. मलाही नव्हती. ज्या माणसानं बहीण जिवंत असताना तिच्या नावानं आंघोळ केली, तो भररस्त्यात काय बोलणार?

तात्या बाहेर आले. चौकटीला धरून उभे राहिले. त्यांना माणसं नीट दिसत नसावीत, नुसती गर्दी कळत असावी.

“सोडा तिला,” ते म्हणाले. “माल मी बघितलाय.”

कासारणीनं हात सोडला नाही. “पण हाय कोण ही?”

तात्यांनी आवाजाच्या रोखानं मान वळवली. कुणीतरी मागून हसलं. तेव्हा ते म्हणाले, “धाकटी हाय माझी.”

कासारणीनं वाकून समई उचलली, पदरानं तिची धूळ पुसली आणि म्हातारीच्या हातात दिली. मग तात्यांना म्हणाली, “मग रस्त्यात का उभी करता तिला? आत घ्या की.”

तात्या दारातून बाजूला झाले. बहीण आत गेली. संध्याकाळची मोटार निघेपर्यंत ती बाहेर आली नाही.

थंडी सरता सरता एका सकाळी कासारणीनंच हाक मारली की तात्यांच्या माळवदावर धूर नाही. दार आतून लावलेलं होतं. माझ्या नवऱ्यानं खालून पहार घालून ते उचकटलं. तात्या चुलीपाशी पडले होते. अर्धं अंग गेलं होतं, पण शुद्ध होती. आम्ही मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी बहीण एका गाठोड्यानिशी येऊन राहिली.

आता सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं होतं. झालं वेगळंच. तिनं आम्हाला दाराच्या आत येऊ दिलं नाही. ताट दारात घ्यायची आणि दार लोटून घ्यायची. सासूबाई दोनदा बळेच आत गेल्या, तर त्या गेल्यावर तिनं तात्यांची उशी उचलून खाली बघितलेलं मी खिडकीतून पाहिलं. तात्यांचा अंगठा कुठल्या कागदावर उठवून घेतील, या धास्तीनं ती त्यांना एकटं सोडतच नव्हती. इकडं वाण्याची बायको म्हणत होती की म्हातारी घरावर डोळा ठेवूनच आली आहे. सासूबाई दोन्हीकडचं ऐकत आणि ताट भरत.

उन्हाळ्यात तात्या गेले. शेवटचे काही महिने त्यांना बहिणीच्या हातचं मिळालं. बोलणं गेलं होतं, पण ती जवळ बसली की त्यांचा चांगला हात तिच्या लुगड्याचा काठ धरून असे.

दिवस झाल्यावर तिनं इंदापूरला परत जायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, “हितं राहा की. घर हाय. आमी हाय.”

“तितं टांगेवाल्याची माती हाय,” ती म्हणाली.

घराला कुलूप लावून ती किल्ली घेऊन रस्त्यावर आली. किल्ली कुणाकडं ठेवणार याकडं सगळ्या गल्लीचं लक्ष होतं. सासूबाईंनी नकळत पदराला हात पुसला. म्हातारी त्यांच्यासमोरून गेली आणि तिनं किल्ली कासारणीच्या हातावर ठेवली.

“माझ्याकडं?” कासारीण म्हणाली.

“तू मला रस्त्यात धरलंस,” म्हातारी म्हणाली. “तू काय करशील ते चार माणसांत करशील.” मग सासूबाईंकडं वळून म्हणाली, “तुमी लय केलं, बाई. पर एवढं लय कोण करतं, मला कळलं न्हाय.”

सासूबाईंना ते लागलं. दोन दिवस त्या जेवताना बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काजं करता करता मला म्हणाल्या, “तुझ्या आईला निरोप धाड. गढीखाली ती एकटी हाय. तिचा धूर बघत जा म्हणावं.”

आईचा उलटा निरोप आला की पाटाच्या बाईकडं आपल्यातलं कोणी जात नाही, लोक काय म्हणतील. सासूबाईंनी तोच निरोप पुन्हा धाडला. मग बरेच दिवस काही कळलं नाही.

पुढच्या दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा आई घरात नव्हती. भाऊ दारातच म्हणाला, “आई गढीखाली गेलीया. म्हातारीला ताप हाय. सकाळी दार उघडीना, तर आई परसातनं आत शिरली. म्हातारीनं चोर समजून काठी घातली पाठीत.”

“लागलं का?”

“लागलं. तितनंच सांगावा धाडला तिनं, मऊ भात करून द्या म्हणून.”

चुलीवर भात रटरटत होता. मी पिशवी कोपऱ्यात ठेवली, तो उतरवून एका पातेल्यात घेतला, वर तुपाचा चमचा सोडला आणि गढीकडं निघाले.